समोर बसलेली दुसरी

दाद म्हटली की टाळ्या आठवतात, नाहीतर 'सवाई गंधर्व'मधल्या हलणाऱ्या माना. पण मंडळी, दादेचं सगळ्यात जुनं आणि साधं रूप बहुधा जात्यापाशी होतं!

पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं ती उचलून धरायची. धरली, की पहिलीला पुढची सुचायची. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल... जे कुणाला सांगता येत नव्हतं ते पिठाबरोबर बाहेर पडायचं.

ज्ञानेश्वरीही ओवीतच आहे. १२९० साली नेवाशाला ती सांगितली गेली. तिच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ज्ञानदेव श्रोत्यांकडे काय मागतात? फक्त अवधान. एवढ्या मोठ्या वक्त्यालाही ते मागावंसं वाटलं, तर आपल्या आज्या-पणज्यांची काय कथा!

पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण जातं कोपऱ्यात गेलं आणि समोरची दुसरीही उठून गेली. ओव्या मनात राहिल्या, त्या उचलून धरणारं कुणी राहिलं नाही.

मुठा गाव ज्या मुळशी तालुक्यात आहे, तिथल्या डोंगरी वाड्यावस्त्यांवर हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ 'गरीब डोंगरी संघटने'बरोबर काम करत होते. १९८०च्या दशकापासून त्यांनी या ओव्या ऐकायला, उतरवून घ्यायला सुरुवात केली. मला सगळ्यात भावतं ते हे, की ऐकणाऱ्यांत संघटनेच्या खेड्यातल्याच बायका होत्या. जिनं स्वतः दळलंय तिच्यासमोर गाताना संकोच कसला?

हे ऐकणं हजाराहून जास्त गावांत पोचलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं आवाजही ध्वनिमुद्रित झाले. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७पासून 'परी' या संकेतस्थळावर या ओव्या गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट प्रसिद्ध होऊ लागल्या.

एक लाख ओव्या! त्या नव्यानं रचून घेतलेल्या नव्हत्या, होत्याच. कुणीतरी समोर बसून "पुढं काय गं?" एवढंच विचारायचं बाकी होतं.

तुमच्या घरी एखादी आजी, आत्या, मावशी अजून गुणगुणते का? मग या सुट्टीत तिच्यासमोर बसाच. मोबाईल दूर ठेवून.