चीवर कोणी धुवावे? विनयपिटकातील वस्त्रशुद्धीचा विचार

आपल्याकडे विनयपिटकाचे वाचन बहुधा पाराजिक नियम आणि संघभेदाच्या प्रकरणांपाशी थांबते. वस्त्र कसे धुवावे, कोठे वाळत घालावे, अंग कशाने पुसावे याविषयीची जी पाने महावग्गात व चुल्लवग्गात आहेत, ती किरकोळ समजून ओलांडली जातात. आमच्या मते प्राचीन भारताच्या सामाजिक इतिहासाचा एक महत्त्वाचा पुरावा याच पानांत दडलेला आहे. ज्या समाजात शुद्धी जन्मावर ठरत होती, त्या समाजात शुद्धी म्हणजे हातांनी करावयाचे काम आहे, असे सांगणारी एक संस्था उभी राहिली. हे काम कोणी करावे, याचेही नियम तिने घालून दिले.

महावग्गाच्या आरंभी, उरुवेला येथे, भगवंतांना एक पांसुकूल म्हणजे टाकून दिलेले वस्त्र मिळते. त्यांच्या मनात प्रश्न येतात. हे कोठे धुवावे? कशावर चोळावे? काय धरून पाण्यातून वर यावे? कशावर पसरावे? देवराज शक्राने तळे खोदले, शिळा आणून ठेवली, हा कथेतील अलौकिक भाग बाजूस ठेवू. मागे उरतात ते चार प्रश्न, आणि ते धुणे धुणाऱ्याचे प्रश्न आहेत. शाक्यकुलात जन्मलेल्या पुरुषाच्या तोंडी ते घालताना विनयकारांना काही कमीपणा वाटला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पांसुकुलात स्मशानातील वस्त्रही येते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात प्रेतावरील वस्त्रे हाच चांडाळाचा पोशाख ठरविला आहे. महाराष्ट्रात गावकीच्या व्यवस्थेने प्रेतावरील कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला. कापड तेच, परंतु एका व्यवस्थेत ते जन्माची खूण म्हणून अंगावर लादले गेले, तर दुसरीत ब्राह्मण, क्षत्रिय, न्हावी, भंगी अशा कोणत्याही कुळातून आलेल्या भिक्षूने ते स्वेच्छेने उचलले, धुतले, शिवले, रंगविले आणि सर्वांनी एकाच रंगाचे म्हणून पांघरले. पुढे वैद्य जीवकाच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याचीही अनुज्ञा मिळाली. धुण्या-रंगविण्याचे काम मात्र सुटले नाही.

या कामाचे वर्णन फार बारकाईने आलेले आहे. प्रथम भिक्षू शेण व पिवळी माती यांनी चीवर रंगवीत आणि रंग वाईट येई. तेव्हा मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ यांपासून काढलेल्या सहा रंगांना अनुज्ञा मिळाली. न उकळलेल्या रंगाला वास येई, म्हणून तो उकळण्याची परवानगी झाली. रंग शिजला की नाही, हे पाहण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहावा. चीवर दोरीवर टाकल्यावर रंग एकाच बाजूने ओघळतो, म्हणून ते आलटून पालटून रंगवावे. ज्याने हे स्वतः केले नाही, त्याला असे नियम सुचणार नाहीत.

धुण्याची द्रव्येही आपणांस पाली साहित्यातूनच कळतात. संयुत्तनिकायातील खेमक सुत्तात परिटाचा दृष्टांत आहे. मळके वस्त्र तो खारी माती, क्षार किंवा शेण लावून चोळतो व स्वच्छ पाण्यात खळबळतो. तरीही त्या द्रव्यांचा वास राहतो, म्हणून ते सुगंधी पेटीत ठेवतात. दृष्टांत चित्ताविषयीचा आहे, पण तो देणाऱ्याला धुण्याची माहिती चांगली होती.

आता स्नानवस्त्र व टॉवेल यांच्याकडे वळू. श्रावस्तीच्या विशाखेने भगवंतांकडे आठ वर मागितले. त्यांतील पहिला भिक्षूंना पावसाळी स्नानवस्त्र (वस्सिकसाटिका) देण्याचा आणि शेवटचा भिक्षुणींना स्नानवस्त्र (उदकसाटिका) देण्याचा होता. तिची दासी जेतवनात गेली असता भिक्षू पावसात विवस्त्र न्हात होते. ते आजीवक असावेत असे समजून ती परत आली. भिक्षुणी अचिरवतीच्या घाटावर विवस्त्र न्हात, त्याच घाटावर गणिका येत व त्यांची थट्टा करीत. विशाखेने कारणे सांगितली ती इतकी साधी व व्यवहारी होती. पुढे या वस्त्रांची मापेही ठरली: भिक्षूंचे सहा सुगत-विती लांब व अडीच रुंद, भिक्षुणींचे चार विती लांब व दोन रुंद. तोंड पुसण्यासाठी ‘मुखपुञ्छनचोळ’ आणि न्हाल्यावर अंगावरचे पाणी टिपण्यासाठी ‘उदकपुञ्छनी’ अशी वेगळी वस्त्रे आली. ज्याला आज आपण टॉवेल म्हणतो, त्याची ही पालीतील नावे होत.

आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचेचा विकार होता. लसीमुळे चीवर अंगाला चिकटे, आणि भिक्षू ते पाण्याने भिजवून हळूहळू सोडवीत. हे पाहून भगवंतांनी व्रण झाकण्याच्या वेगळ्या वस्त्राला अनुज्ञा दिली. रोग्याचे कापड निरोग्याच्या कापडापासून निराळे ठेवावे, हा विचार येथे बीजरूपाने दिसतो, असे आम्हांस वाटते.

मग धुवावे किती वेळा? वस्त्र धुण्यासाठी विनयात दिवस मोजून दिलेले नाहीत. वस्त्राची स्थिती हेच प्रमाण आहे. उपाध्यायाच्या सेवेचे नियम सांगताना म्हटले आहे की, घामाने भिजलेले चीवर थोडा वेळ उन्हात घालावे, पण उन्हातच पडू देऊ नये. घडी घालताना कडा चार अंगुळे पुढे-मागे ठेवाव्यात, म्हणजे मधोमध दुमडून ते फाटणार नाही. स्नानाला मात्र मर्यादा होती. राजगृहाच्या तपोदा कुंडावर भिक्षू अंधार पडेपर्यंत न्हात राहिले आणि राजा बिंबिसार खोळंबला, त्यावरून पंधरा दिवसांच्या आत न्हाऊ नये, असा नियम झाला. लगेच त्याला उन्हाळा, आजार, श्रम, प्रवास, वारा-पाऊस असे अपवाद जोडले गेले. पुढे महाकच्चानांचे शिष्य सोण कुटिकण्ण यांनी अवंती-दक्षिणापथातील लोक स्नानाला फार महत्त्व देतात, असे निवेदन केले, तेव्हा मध्यदेशाबाहेरील सर्व प्रदेशांत नित्य स्नानाची मोकळीक मिळाली. आपल्या लेण्यांचा प्रदेश याच मोकळिकीत येतो. आजचे वैद्यकीय ज्ञान या व्यवहारी दृष्टीला पुष्टीच देते. ओलसर टॉवेलात बुरशी व जंतू वाढतात. म्हणून तो प्रत्येक वेळी पसरून वाळवावा, तीन-चार वेळा वापरल्यावर धुवावा, आणि खरूज-गजकर्ण असणाऱ्याचा टॉवेल वेगळा ठेवून रोज गरम पाण्यात धुवावा.

नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात वस्त्रांची आर्थिक बाजू दिसते. त्याने 2,000 कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीत दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. हिशेब केला तर वर्षाचे व्याज 240 येते आणि वाटणी तंतोतंत जुळते. वस्त्र विणणाऱ्याची सोय लेखात आहे. धुणाऱ्याचा उल्लेख नाही. इसवी सनाच्या सातव्या शतकात नालंदेस राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की, विहाराजवळ दहाहून अधिक मोठे तलाव होते, सकाळी घंटा होई, आणि प्रत्येक जण आपापले स्नानवस्त्र घेऊन निघे.

ब्राह्मणी परंपरेत याच्या उलट घडले. स्मृतींनी सात अंत्यजांच्या यादीत पहिला ‘रजक’ म्हणजे परीट घातला. सर्वांचा मळ काढणारा अशुद्ध ठरला आणि मळ करणारे शुद्ध राहिले. तोच परीट पुन्हा आपल्याहून खालच्या मानलेल्यांचे कपडे धुण्यास नकार देऊ लागला. श्रेणीबद्ध विषमतेचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. पूज्य बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत, जी 1990 साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली, साताऱ्याच्या घराची हकीकत नोंदविली आहे. गावात परीट होते, पैसे देण्याची ऐपतही होती, परंतु अस्पृश्यांचे कपडे कोणी धूत नसे. ते काम बहिणींनी केले, केसही थोरल्या बहिणीने कापले.

विनयाचा या बाबतीतील निर्णय स्पष्ट आहे. शिष्याने उपाध्यायाचे चीवर धुवावे किंवा ते धुतले जाईल असे पाहावे. उपाध्यायानेही शिष्याला ‘असे धुवावे’ म्हणून शिकवावे, आणि शिष्य आजारी असता त्याची सेवा करावी. यात जन्म कोठेच विचारलेला नाही. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्षूला स्वतः भगवंतांनी पाणी घातले व आनंदांनी पुसले, ही घटना सर्वांना ठाऊक आहेच. त्या मानाने निस्सग्गिय पाचित्तियातील दोन नियम मात्र फारसे सांगितले जात नाहीत. चौथ्या नियमाने नात्यात नसलेल्या भिक्षुणीकडून जुने चीवर धुऊन घेण्यास मनाई केली. सतराव्याने लोकर धुणे, रंगविणे व पिंजणे यांस मनाई केली, आणि त्याचे कारण महाप्रजापती गौतमीच्या तोंडून आले आहे: षड्वर्गीय भिक्षूंची लोकर धुता-पिंजता भिक्षुणींचे पठण, प्रश्नोत्तर व साधना मागे पडत होती. धुण्यात गेलेला वेळ हा अध्ययनातून वजा झालेला वेळ आहे, हे या नियमामागचे गणित होय.

आपल्या अनेक श्रामणेर शिबिरांत आजही चीवरे, पंचे आणि टॉवेल यांचा ढीग वस्तीतील उपासिकांकडे जातो. त्या तो श्रद्धेने धुतात, हे खरे. पण त्याच वेळी आत देशना चालू असते आणि ती त्यांना ऐकता येत नाही. प्रत्येक श्रामणेराने दोन पंचे आणावेत, सायंकाळी आपले वस्त्र आपण धुवावे, वाळल्याखेरीज घडी घालू नये आणि त्या तासात उपासिकांसाठी पाली वर्ग घ्यावा, अशी सूचना आम्ही विहार समित्यांना करीत आहोत. येत्या वर्षावासापासून तिची सुरुवात करण्यास अडचण नसावी.