पाहुण्यांचा रविवार



मुंबईला जुन्या मैत्रिणीकडे दोन दिवस जायचं ठरलं की आपल्या गटात काय गडबड उडते, ते तुम्हाला ठाऊक आहे. शुक्रवारी रात्रीची एसटी धरायची, शनिवारी पहाटे उतरायचं आणि रविवारी रात्री परत फिरायचं. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि परड्यातली वांगी घ्यायची. मैत्रीण फोनवर म्हणते, "या गं सगळ्याजणी. रविवारी घरचे सगळे घरीच असतात."

हा रविवार शहरातल्या कष्टकऱ्याला कसा मिळाला, ते आज आपण ऐकू या. तो कुणी सहज हातावर ठेवलेला नाही.

मुंबईत ताडदेवला 1856 साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. मग परळ, लालबाग, भायखळा भागात भोंगे वाजू लागले. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतली माणसं पोट भरायला तिकडं गेली. गिरणीचं काम उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चालायचं. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही तेरा तासांच्या वर जायचं. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी होती, गिरणीतल्या माणसाला ठरलेला सुट्टीचा वार नव्हता. मग गावाकडनं कुणी भेटायला आलं तरी बसून बोलणार कधी?

या माणसांसाठी उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. ते महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती, त्यामुळे तिथले हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 1884 साली त्यांनी परळला कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी पूर्ण सुट्टी द्या, दुपारी जेवायला अर्धा तास द्या, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात द्या, अशा त्यातल्या मागण्या होत्या. जेवायला अर्धा तास मिळावा म्हणून सही करावी लागत होती, म्हणजे दिवस कसे असतील ते बघा.

त्यानंतर सहा वर्षं गेली. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत मोठी सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. आणि मैत्रिणींनो, या सभेत गिरणीतल्या दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. आज ग्रामसभेत हात वर करताना आपली जीभ अडखळते. सव्वाशे वर्षांहून आधी त्या दोघी हजारो माणसांपुढं बोलल्या. पुढं 10 जून 1890 ला गिरणी मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्या वर्षी, 1891 च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा पडली.

आपल्याकडं रविवार हा खंडोबाचा वार. गिरणगावात तो गाठीभेटींचाही वार झाला. कुणाला गावाकडचा निरोप द्यायचा, कुणाला मुलीसाठी स्थळ सांगायचं, कुणाला आजारी आईची खबर द्यायची, ती कामं रविवारी होऊ लागली.

पाहुणा उतरायचा कुठं? मुंबईत तेव्हा बाप्येच जास्त होते. 1921 च्या जनगणनेत तिथं दर हजार पुरुषांमागं सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या. बाकीच्या कुठं होत्या? इथं, आपल्याच गावांत. मनीऑर्डरची वाट बघत शेत, जनावरं आणि सासूसासरे सांभाळत होत्या. तिकडं एका गावची माणसं मिळून एक खोली भाड्यानं घ्यायची. प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. गावाकडनं आलेला माणूसही तिथंच टेकायचा.

पुढं संसार तिकडं गेले. 1920 नंतर वरळी, नायगाव, शिवडी आणि परळच्या डिलाईल रोडला सरकारनं बीडीडी चाळी बांधल्या. दोनशेच्या वर इमारती, आणि एका कुटुंबाला 160 चौरस फूट खोली. म्हणजे दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब. आपल्यातल्या कितीतरी जणींचा गोठा याहून मोठा आहे. तेवढ्यात चूल, मोरी, पाच-सात माणसं आणि वर पाहुणे. रात्री बाप्ये अंथरूण घेऊन गॅलरीत जायचे, बायका-पोरं आत झोपायची. जागा कमी पडली तर शेजारीण म्हणायची, "दोघींना माझ्याकडं पाठव."

आता या सगळ्यात घरच्या बाईचा रविवार कुठं होता? नवऱ्याच्या गिरणीचा भोंगा रविवारी गप्प असायचा, हिची चूल मात्र दुप्पट पेटायची. गावाकडची माणसं निवांत बसलेली, आणि ही पहाटेच्या नळाला रांगेत उभी. ज्यांच्यासाठी जीव टाकायचा त्यांच्याशी बोलायला हिला सवड नाही.

गिरणगावात कितीतरी बाया खानावळ चालवायच्या. घरचं करून वर दहा-पंधरा गड्यांना जेवण घालायच्या. पैसे महिन्यानं मिळायचे, तोवर किराणा उधारीवर. सावकाराचं व्याज डोक्यावर. या बायांना 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. एकमेकींच्या जबाबदारीवर त्यांनी बँकेचं कर्ज मिळवलं. आज आपण बचत गटात तेच करतो.

आणि एक दिवस पाहुणचार उलटा फिरला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. महिने गेले, पगार नाही. कितीतरी कुटुंबं गावाकडं परतली. ज्यांच्या खोलीत आपली माणसं उतरायची, तीच माणसं आता आपल्या ओसरीवर आली. गावानं भाकरी घातली. पण त्या भाकऱ्याही थापल्या बायकांनीच.

म्हणून आमच्या गटानं गेल्या खेपेला एक ठरवलं. शनिवारी रात्री मैत्रिणीच्या घरी पोचल्या पोचल्या सांगितलं, उद्या सकाळी तू ओट्यापाशी यायचं नाहीस. भाकऱ्या आम्ही करू, पाणी आम्ही भरू, भांडी घरातले बाप्ये घासतील. तिच्या मालकांनी आधी हसण्यावारी नेलं. मग उठले आणि घासली. चार भांड्यांना साबण तसाच राहिला होता, आम्ही काही बोललो नाही. मैत्रीण गॅलरीत चहा घेऊन बसली. तासभर शाळेतल्या गोष्टी निघाल्या. ती म्हणाली, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, रविवारी सकाळी अशी बसले नव्हते गं."

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एवढंच विचारा: आपल्यातल्या कुणाला आठवड्यात एक सकाळ तरी सुट्टीची मिळते का? पाहुण्या म्हणून कुठं जाल, तिथल्या मैत्रिणीलाही हेच विचारा.