मोझार्टची हलक्या आवाजांतील प्रार्थना

व्हिएन्नाजवळ बाडेन हें गंधकाच्या ऊन झऱ्यांचें गांव आहे. १७९१ च्या उन्हाळ्यांत मोझार्टची गरोदर पत्नी प्रकृतीसाठीं तेथें राहिली होती. तिच्या बिऱ्हाडाची सोय पाहावी, असें मोझार्टनें अँटोन ष्टोल याला लिहिलें होतें. हा गांवचा शाळामास्तर आणि चर्चमधील गायकवृंदाचा चालक. मास्तरांवर अशीं कामें पडावयाचींच! त्याच्यासाठीं मोझार्टनें १७ जून रोजीं 'आवे वेरुम कॉर्पुस' ही लॅटिन प्रार्थना स्वरबद्ध केली.

रचना अवघ्या तीन-चार मिनिटांची. शब्द पाहावे तर क्रूसावरील यातना, भेदलेली कूस, वाहिलेलें रक्त. दुसऱ्या कोणीं येथें आक्रोश मांडला असता. मोझार्टनें आवाजाविषयीं आरंभीं एकच सूचना लिहिली: हलक्या आवाजांत. जखमेच्या उल्लेखापाशीं आधारस्वर पालटतो, तरी मोठ्यानें गाण्याची खूण नाहीं. शेवटीं मरणसमयींची याचना येते, तेव्हां वरचे आवाज पुढें होतात आणि खालचे तेंच पद मागोमाग उचलतात. हा रस करुण म्हणावा कीं शांत? माझ्या मतें शांतच. पण करुण पचवून आलेला.

मोझार्ट त्याच वर्षीं ५ डिसेंबरला, अवघ्या ३५ व्या वर्षीं वारला. म्हणून कित्येकांना या प्रार्थनेंत मृत्यूची चाहूल लागते. मला तें पटत नाहीं. त्या दिवसांत तो 'जादूची बासरी' हें गमतीजमतींनीं भरलेलें संगीतनाटक रचीत होता, आणि ही प्रार्थना तर एका लहान गांवच्या गायकांना झेपेल अशा बेतानें लिहिलेली आहे.