तळटीप : मुंबई–लंडन हवाई प्रवास

१. ‘दोन दिवसांचा विमानप्रवास’ : ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला पोहोचले. लेखकाचा उल्लेख त्याच काळातला आहे. मुंबई–लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. आज थेट विमानाला साधारण ९ ते १० तास लागतात. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास लवकर होतो. लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, हे वेळांचा हिशेब करताना वाचकांनी ध्यानात ठेवावे. — संपा.