पेपरात नाव येण्यासाठी तीस धावा

ह्या विकांताचा विषय क्रिकेट आहे, पण एका अर्थी नोकरीचाही आहे. तेव्हा क्रिकेट न आवडणाऱ्यांनी लगेच पळू नये :)

एक आकडा लक्षात ठेवा: ३०. ऐंशीच्या दशकात मुंबईत शालेय क्रिकेट खेळणाऱ्या पोराने ३० किंवा जास्त धावा केल्या तरच त्याचं नाव पेपरात यायचं. २९ वर आऊट झालात तर जगाच्या दृष्टीने तुम्ही त्या दिवशी मैदानावर नव्हतातच. सचिन तेंडुलकरने आत्मचरित्रात ह्याचा एक किस्सा सांगितलाय. शाळेच्या मॅचमध्ये त्याने २४ केल्या होत्या. स्कोअररने सुचवलं की अवांतरमधल्या सहा धावा तुझ्या नावावर टाकू, म्हणजे नाव छापून येईल. पोरगं तयार झालं. दुसऱ्या दिवशी पेपर वाचून रमाकांत आचरेकर सरांनी त्याची चांगलीच हजेरी घेतली. ज्या धावा तू केल्याच नाहीस त्या तुझ्या नावावर कशा?

आमच्या धंद्यात रेझ्युमे गाळताना असंच होतं. एखादा शब्द कमी पडला की माणूस यादीतून गायब. म्हणून मला प्रश्न पडला, की मुंबईतला पोरगा नेमका 'दिसायचा' कसा? अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांच्या स्पर्धांना कॉलेजांचे प्रशिक्षक आणि स्काऊट येऊन बसतात, हातात चेंडूचा वेग मोजणारी रडार गन असते, आवडलेल्या मुलाला शिष्यवृत्ती देऊन उचलतात. तिथे ती एक रीतसर यंत्रणा आहे. आपल्याकडे 'स्काऊट' असा हुद्दाच नव्हता. तरीही ह्या शहराने वाडेकर, गावस्कर, वेंगसरकर, तेंडुलकर शोधून काढले. ते कसे?

पहिलं कारण म्हणजे जागा. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या, एकमेकींत घुसलेल्या. एका मॅचचा पॉइंट हा दुसऱ्या मॅचचा मिडऑन. जवळच क्रॉस मैदान, पुढे ओव्हल, तिकडे दादरला शिवाजी पार्क. जाणत्या माणसाने एका दुपारी आझाद मैदानावर नुसती एक चक्कर मारली तरी चार-पाच शाळांची पोरं बघून व्हायची. एकनाथ सोलकरचं उदाहरण घ्या. गिरगावच्या अंगाला, मरीन लाइन्सजवळच्या हिंदू जिमखान्यात त्याचे वडील मैदानाची देखभाल करायचे. कुटुंब तिथेच एका खोलीत राहायचं आणि एकनाथ मॅचच्या वेळी धावफलकावरचे आकडे बदलायचा. तो मैदानावरच वाढला, त्यामुळे 'दिसण्यासाठी' त्याला कुठे जावं लागलं नाही. पुढे २७ कसोटींत ५३ झेल घेतले, तेही बहुतेक फॉरवर्ड शॉर्टलेगला, बॅट्समनच्या नाकासमोर उभं राहून आणि हेल्मेट नसताना.

दुसरं कारण म्हणजे ओळखीतून आलेला निरोप. ऑफिसच्या भाषेत रेफरल. अजित वाडेकर एल्फिन्स्टन कॉलेजात सायन्सला होते, डोक्यात इंजिनियर व्हायचं. बसने कॉलेजला जाताना बाळू गुप्ते भेटायचे, ते कॉलेजच्या टीममध्ये. टीमला बारावा खेळाडू कमी पडत होता. येतोस का, दिवसाचे तीन रुपये मिळतील! वाडेकर त्या तीन रुपयांसाठी गेले. १९७१ साली वेस्ट इंडिजला आणि इंग्लंडला त्यांच्याच घरात हरवणारा आपला कप्तान असा बसमध्ये सापडला. ह्याला स्काऊटिंग म्हणायचं की योगायोग? मला वाटतं दोन्ही. पण योगायोग घडायला आधी तशी बस लागते, ज्यात रोज एक खेळाडू चढतो. त्या काळच्या दादर-फोर्ट पट्ट्यात अशा बसेस पुष्कळ होत्या.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथे निवड करणारी माणसं लांब खुर्चीत बसलेली नव्हती, ती शेजारी खेळत होती. १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगमध्ये पावसाळ्यात, न झाकलेल्या ओल्या खेळपट्टीवर, कसोटी खेळून आलेला माणूस आणि सोळा वर्षांचा पोरगा एकाच टीममध्ये असायचे. दादर युनियनचे कप्तान वासू परांजपे ह्यांनीच गावस्करांना 'सनी' हे नाव दिलं. असा माणूस आकडे बघून मत बनवत नाही. स्लिपमध्ये उभा राहून बघतो, की चेंडू उसळल्यावर पोराचे पाय कुठे जातात.

आणि एकदा दिसलं की पुढे वाटा होत्या. कॉलेजांना खेळाडू हवे असायचे. माटुंग्याच्या रुईया आणि पोदारची चुरस तर प्रसिद्धच. वेंगसरकर आणि रवी शास्त्री दोघेही पोदारचे. कॉलेजातून विद्यापीठ, तिथून रोहिंटन बारिया करंडक. शिवाय टाइम्स शील्डसाठी कंपन्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या. गावस्कर निरलॉनमध्ये, वाडेकर स्टेट बँकेत, वेंगसरकर टाटांकडे. लालबाग-परळला कबड्डीतही हेच चालायचं. गल्लीतल्या स्पर्धेत चढाया गाजवणाऱ्या पोराला बँक, रेल्वे, पोलीस नाहीतर एखादी कंपनी उचलायची. चाळीतल्या घरात खेळाला 'हो' म्हटलं जायचं ते ह्या पगाराकडे बघून. भारताकडून नाही खेळला तरी पोटापाण्याची सोय होईल, एवढा भरवसा आई-बापांना पुरेसा होता.

आता आचरेकर सरांकडे येऊ. स्वतः ते फक्त एक प्रथम श्रेणी सामना खेळले, स्टेट बँकेकडून. पण आपलं पोरगं दिसलं पाहिजे ह्याचं गणित त्यांना पक्कं कळलं होतं. तेंडुलकरला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. इथली बॅटिंग झाली की तिकडे उतर. वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रममध्ये ये, हाही त्यांचाच सल्ला. शारदाश्रम हॅरिस शील्डमध्ये लांब मजल मारायची, म्हणजे मॅचेस जास्त आणि बघणारे डोळेही जास्त.

मग फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी, समोर सेंट झेवियर्स. ८४ ला दोन गेले आणि तिथून तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. भागीदारी ६६४. एक पोरगा चौदाचा, दुसरा सोळाचा. बाहेरून सरांचे सहायक डाव सोडा म्हणून खुणा करत होते, हे दोघे तिकडे बघतच नव्हते.

सगळ्यांना वाटतं तेंडुलकर ह्या ६६४ मुळे दिसला. तसं नाही. १९८७-८८ च्या मोसमात मुंबईच्या रणजी चमूत त्याचं नाव आधीच आलं होतं. गंमत म्हणजे त्याच १९८७ साली मुंबई क्रिकेट असोसिएशनचं सर्वोत्तम ज्युनियर खेळाडूचं बक्षीस मात्र त्याला मिळालं नाही आणि गावस्करांनी समजुतीचं पत्र पाठवलं. पुढे वेंगसरकरांनी वानखेडेवर भारतीय संघाच्या नेटमध्ये त्याला कपिल देवसमोर उभं केलं आणि स्वतः बघितलं. डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध रणजी पदार्पणात नाबाद १००. म्हणजे आकडा गाजला, पण निर्णय डोळ्यांनी घेतला.

त्या मॅचमधल्या आणखी दोन पोरांबद्दल बोलायला हवं. झेवियर्सकडून मार खाणाऱ्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता. तो पुढे भारताकडून दोन कसोटी खेळला. दुसरा अमोल मुजुमदार. शारदाश्रमचा पुढचा बॅट्समन. दोन दिवस पॅड बांधून तो बसला आणि त्याची बॅटिंग आलीच नाही. मोठा झाल्यावर १९९३-९४ च्या मोसमात रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० केल्या, पदार्पणातला तेव्हाचा विश्वविक्रम. कारकिर्दीत अकरा हजारांहून जास्त प्रथम श्रेणी धावा. आणि भारताकडून सामने? शून्य.

मुजुमदार दिसला नाही असं कोणी म्हणू शकत नाही. सगळ्यांना दिसला. पण तेव्हा पुढे तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. पद्माकर शिवलकरांचं तेच. १९७२-७३ च्या रणजी फायनलला चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. एकूण ५८९ प्रथम श्रेणी बळी, पण बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले. दिसणं ही परीक्षेची पहिली पायरी, आणि पुढच्या पायरीवर जागा रिकामी असणं आपल्या हातात नसतं.

उलट बाजूही बघा. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या. जगभर बातमी. शाळेचा स्कोअर ३ बाद १४६५, आणि समोरची टीम ३१ आणि ५२ मध्ये गारद. पोराने दोन दिवस उन्हात खेळून धावा केल्या, त्याचं श्रेय त्याचंच. पण जाणकार पहिला प्रश्न विचारतात तो 'किती?' हा नाही, 'कोणासमोर?' हा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर त्या आकड्याचं जे ओझं आपण सगळ्यांनी टाकलं, त्याचा विचार केला की मला जरा अस्वस्थ व्हायला होतं.

हे सगळं आत्ताच का आठवतंय? माझी ताई लालबागला राहते. भाचा सातवीत आहे आणि बरा खेळतो. क्रिकेटवाल्या दुसऱ्या शाळेत घाला, तिथे 'एक्स्पोजर' मिळेल, असं तिला चार जण सांगतायत. फी मोठी, प्रवास मोठा, अभ्यास मागे पडणार. आणि पूर्वीचा तो कंपनीतल्या नोकरीचा भरवसा आता फारसा उरलेला नाही. पडलं तर खाली जाळी नाही. ती मला विचारतेय, कारण मी 'डेटावाला'.

मी तिला एवढंच म्हटलं, की शाळेचं नाव नंतर बघ. आधी हे बघ की रोज संध्याकाळी त्याला नीट बघणारा, दुसऱ्या मैदानावर स्वतःहून नेणारा आणि खोट्या सहा धावांसाठी झापणारा एखादा माणूस तिथे आहे का. असेल तर फीचं बघू, मीही हातभार लावेन. नसेल तर नुसत्या एक्स्पोजरला काही अर्थ नाही. आणि दहावी सोडायची नाही, काही झालं तरी.

जाता जाता मुजुमदारचं राहिलंच. २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्याच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री टीव्हीवर तो दिसला तेव्हा मी उगाचच टाळ्या वाजवल्या, घरात एकटाच होतो.

असो. ताई शनिवारी शिवाजी पार्कला जाऊन दोन-तीन नेट बघून येणार आहे. मीही जातोय. काय ठरलं ते कळवेनच.