पहारा कोणाचा, पगार कोणाचा

भीमा आणि नीरा यांच्यामधला हा आमचा मुलूख. वरकुट्याच्या माणसाला भीमथडीच्या तट्टाचं कौतुक उपजतच असतं. अंगानं लहान, मिळेल त्या वैरणीवर भागणारं आणि लांबच्या मजलेला चिवट असं हे जनावर मराठ्यांच्या पागांचा मोठा आधार होतं.

शिवकाळातली पागा बखरकार सभासदानं मोजून मांडली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. जुमलेदाराला सालीना पाचशे होन. शाळेत इतिहास शिकवताना मी इथे मुद्दाम थांबायचो, कारण सगळं मर्म या हिशेबात आहे. बारगिराच्या मांडीखालचा घोडा सरकारचा, म्हणून तो कुण्या सरदाराचा मिंधा नव्हता. पेशव्यांची हुजुरात म्हणजे अशीच थेट धन्याच्या निशाणाखालची फौज. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ती भाऊसाहेबांबरोबर मधल्या फळीत लढली आणि तिथेच कापली गेली.

जवळची फौज उलटली तर काय होतं, ते रोमनांनी पुष्कळ भोगलं. प्रिटोरियन पहारेकऱ्यांनी सम्राट मारले, १९३ मध्ये तर गादीच लिलावात काढली. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइननं ती फौज मोडली. पुढे राजवाड्याच्या रक्षणाला ‘स्कोले’ नावाची घोडदळाची पथकं आली, त्यानंतर ‘एक्सक्युबिटर’ आले. पण ५१८ मध्ये या एक्सक्युबिटरांचा सरदार जस्टिन स्वतःच सम्राट झाला.

पुण्यात जवळचेच शिपाई उलटण्याचा दिवस ३० ऑगस्ट १७७३ रोजी उजाडला. थकलेल्या पगाराची ओरड करत सुमेरसिंगाचे गारदी, म्हणजे पहाऱ्यावरचे पगारी शिपाई, शनिवारवाड्यात घुसले. अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव जीव वाचवायला चुलत्याकडे, राघोबादादांकडे, धावले. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि धन्याबरोबरच मारला गेला. पहाऱ्यावरच्यांनी मारलं आणि घरच्या नोकरानं जीव दिला!

तरी गारदी म्हणजे बेइमान, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. पानिपतावर इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत मराठ्यांच्या बाजूनं लढला, शत्रूच्या हाती सापडला आणि हालहाल होऊन मेला. शनिवारवाड्यातल्या हत्यारांना धार घरातल्याच माणसानं लावली होती. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा दोष गारद्यांपाशी थांबवला नाही, तो थेट राघोबादादांवर ठेवला.