वापरलेल्या इंधनाचा प्रवास



चुलीतली राख निवली की आपण तिनं भांडी घासतो, उरली तर परसातल्या झाडांना घालतो. अणुभट्टीत मात्र उलटं असतं. नवं इंधन हातमोजे घालून हाताळता येतं. वापरून बाहेर काढलं की त्याच्याजवळ उभंही राहता येत नाही. मग ते नेतात कसं?

ही गोष्ट फार लांबची नाही. आम्ही कोपरच्या बाया. इथल्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी धरायची, तिथं बदलून बोईसरला उतरायचं, की तारापूर जवळच. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथं १९६९ साली सुरू झालं. त्यासाठी १९६३ साली अमेरिकेशी करार झाला होता. इंधन त्यांचं, म्हणून वापरलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करायची तर दोघांनी मिळून ठरवायचं, अशी अट होती. १९७४ साली पोखरणला अणुचाचणी झाली, संबंध बिघडले आणि ते ठरणं राहूनच गेलं. ते इंधन तारापूरलाच पाण्याच्या खोल हौदांत साठत राहिलं.

राजस्थानातल्या रावतभाट्याचं इंधन मात्र प्रवासाला निघालं. तारापूरला प्रक्रियेचा कारखाना झाला होता, तिथं ते शेकडो किलोमीटरांवरून आणलं गेलं.

असं इंधन आधी हौदात निववतात, मग पोलाद आणि शिशाच्या जाड पिंपात भरतात. अशा पिंपाच्या रचनेला कडक परीक्षा असते: ९ मीटर उंचीवरून आपटणं, १ मीटरवरून पोलादी दांड्यावर पाडणं, ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास, शिवाय पाण्यात बुडवणं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं वाहतुकीचे पहिले नियम १९६१ साली केले. आपल्याकडे देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची. ते १९८३ साली स्थापन झालं.

पिंप मजबूत असतं, हे खरं. पण वाट माणसांच्या वस्तीतून जाते. गाडीची वेळ आणि मार्ग गुप्त ठेवतात, तेही समजतं. अपघात झाला तर काय करायचं, हे मात्र गुप्त असून चालणार नाही. पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं काळं चिन्ह दिसलं तर जवळ जाऊ नका, मुलांना लांब न्या आणि ११२ वर कळवा.

बायांनो, महापालिकेत विचारा: आपल्या आपत्ती आराखड्यात याची सोय आहे का? मिळालेलं उत्तर गटाच्या वहीत लिहून ठेवा.